फॉल क्रीकच्या काठावरचे घर

गेल्या वर्षी ऑगस्ट ते डिसेंबर असे पाच महिने मी लेकीकडे इथाकाला राहिले. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी, कायुगा सरोवराच्या दक्षिण टोकाला हे लहानसे शहर आहे आणि त्याच्या पूर्वेकडील टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ पसरलेले आहे. लेक सकाळी प्रयोगशाळेत गेली की मी घराला कुलूप लावून पायी निघत असे. ग्रंथालयाच्या मनोऱ्यातील घंटा वाजू लागल्या की क्षणभर थांबायचे आणि मग युनिव्हर्सिटी अव्हेन्यूने उतरत फॉल क्रीक या ओढ्याच्या खोल दरीकडे जायचे, हा माझा नेम ठरून गेला. त्याच रस्त्यावर ८१० क्रमांकाचे एक मोठे घर आहे. पहिले काही दिवस मी त्याला वसतिगृह समजत होते. ते ‘काय साय’ नावाच्या फ्रॅटर्निटीचे घर आहे, हे लेकीने सांगितले. त्याच जागी पूर्वी एक प्रचंड दगडी वाडा होता आणि तो एका रात्रीत जळून गेला, हे मात्र मला पुढे ग्रंथालयात समजले. मी स्वतः महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ३१ वर्षे नोकरी केली असल्यामुळे ग्रंथालय दिसले की आत शिरल्याखेरीज राहवत नाही आणि त्या वाड्याची कथा एका ग्रंथालयाशी आणि एका ग्रंथपालाशी इतकी बांधलेली निघाली की उरलेले चार महिने मी तिच्याच मागे होते.

आपल्याकडे फ्रॅटर्निटी हा शब्द ऐकून माहीत असतो, पण ती व्यवस्था नेमकी कशी चालते याची कल्पना बहुतेकांना नसते, म्हणून थोडे सांगते. ही विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली, केवळ मुलांची मंडळे असतात; मुलींच्या अशा मंडळांना सोरोरिटी म्हणतात. नावे ग्रीक अक्षरांची असतात. एकच फ्रॅटर्निटी अनेक विद्यापीठांत असते आणि प्रत्येक ठिकाणच्या शाखेला चॅप्टर म्हणतात. नव्या मुलाला आधीचे सभासद निवडून घेतात, दीक्षाविधी होतो आणि एकदा सभासद झालेला मनुष्य जन्मभर त्या मंडळाचा राहतो. चॅप्टरचे स्वतःचे घर असते, त्यात सभासद एकत्र राहतात, स्वयंपाकी ठेवतात, हिशेब पाहतात आणि डागडुजीसाठी जुन्या सभासदांकडून पैसे गोळा करतात. आपल्या वसतिगृहात रेक्टर असतो आणि इमारत संस्थेची असते. इथे घर पुष्कळदा मंडळाच्याच मालकीचे असते, आणि या मालकीतून फ्रॅटर्निटीचे बरेच गुण आणि बरेच दोष निघतात असे माझे मत झाले आहे. मुंबईचे रतन टाटा कॉर्नेलमध्ये वास्तुशास्त्र शिकत असताना आल्फा सिग्मा फाय या फ्रॅटर्निटीचे सभासद होते, एवढाच काय तो या व्यवस्थेशी आपल्याकडचा मला ठाऊक असलेला ठळक धागा.

काय साय ही त्यांतली जुनी फ्रॅटर्निटी. तिची स्थापना २० मे १८४१ रोजी स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेजात दहा विद्यार्थ्यांनी केली. त्यांच्यात फिलिप स्पेन्सर नावाचा एक मुलगा होता, आणि त्याची हकीकत मूळ विषयापासून थोडी बाजूला असली तरी वगळवत नाही. त्याचे वडील जॉन कॅनफील्ड स्पेन्सर हे पुढे अमेरिकेचे युद्धमंत्री झाले. फिलिपचे शिक्षणात मन लागेना, तेव्हा तो नौदलात दाखल झाला आणि ‘सॉमर्स’ या जहाजावर बंडाचा कट केल्याच्या आरोपावरून १ डिसेंबर १८४२ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, दोन साथीदारांसह त्याला भर समुद्रात फाशी देण्यात आले. रीतसर लष्करी न्यायालय भरलेच नाही; जहाजावरच्या अधिकाऱ्यांचे मत घेऊन कप्तानाने निर्णय दिला. त्याच्याविरुद्धचा एक मोठा पुरावा म्हणजे त्याच्याकडे सापडलेली नावांची यादी होती आणि ती ग्रीक अक्षरांत लिहिलेली होती. कॉलेजातल्या मुलांना ग्रीक अक्षरांचे आणि गुप्ततेचे जे वेड होते, त्या वेडाचा कागद समुद्रावर एका मुलाच्या गळ्याभोवती आला. कप्तानावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. परंतु कोवळ्या मुलांना थेट जहाजावर पाठवून शिकवण्याच्या पद्धतीवर त्यानंतर जी टीका झाली, तिचा १८४५ मध्ये अॅनापोलिस येथे नौदलाचे विद्यालय निघण्यात मोठा वाटा होता.

काय सायमध्ये चॅप्टरला ‘आल्फा’ म्हणतात आणि घराला ‘लॉज’. मिशिगन विद्यापीठातील त्यांच्या मुलांनी १८४६ च्या सुमारास अॅन आर्बरच्या रानात ओंडक्यांची एक झोपडी उभारली होती आणि अमेरिकेतील पहिले फ्रॅटर्निटी घर म्हणून तिचाच उल्लेख केला जातो. प्राध्यापकांच्या नजरेआड बसता यावे एवढाच तिचा उपयोग होता, राहण्याची सोय नव्हती. तिथून सुरुवात झालेल्या मंडळाच्या हाती पन्नास वर्षांनी कॉर्नेलच्या टेकडीवरचा सर्वांत देखणा वाडा आला, आणि तो त्यांच्यासाठी मुळीच बांधलेला नव्हता.

तो वाडा जेनी मॅकग्रॉ हिने बांधला. तिचे वडील जॉन मॅकग्रॉ इमारती लाकडाचे मोठे व्यापारी होते आणि कॉर्नेलच्या पहिल्या विश्वस्तांपैकी एक होते. आवारातला मॅकग्रॉ हॉल त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. ७ ऑक्टोबर १८६८ रोजी ४१२ विद्यार्थ्यांसह विद्यापीठ सुरू झाले, त्या दिवशी ज्या नऊ घंटा वाजल्या त्या जेनीने दिलेल्या होत्या. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. घंटांची संख्या आता एकवीस झाली आहे, आणि सकाळी वाजणाऱ्या पहिल्या धूनला अजूनही तिचेच नाव आहे. ज्या धूनसाठी मी रोज रस्त्यात थांबत होते ती हीच, हे कळले त्या दिवशी मला फार बरे वाटले.

जॉन मॅकग्रॉ १८७७ मध्ये वारले आणि सगळी संपत्ती एकुलत्या एका मुलीकडे आली. जेनीची प्रकृती तोळामासा होती, तिला क्षय होता. तरीही तिने फॉल क्रीकच्या काठावर, सरोवराकडे तोंड करून एक वाडा बांधायला घेतला. वास्तुविशारद होते विल्यम हेन्री मिलर, ज्यांनी पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयाचीही इमारत बांधली. स्वतः जेनी युरोपात गेली आणि या घरासाठी चित्रे, पुतळे, गालिचे, सामानसुमान विकत घेत राहिली. तिकडेच १४ जुलै १८८० रोजी बर्लिन येथे तिचा विल्यर्ड फिस्क यांच्याशी विवाह झाला.

फिस्क म्हणजे कॉर्नेलचे पहिले ग्रंथपाल. या माणसाबद्दल मला, एका ग्रंथपालाला वाटावी तशी आपुलकी वाटत राहिली आणि त्याच्यावर रागही आला. उत्तर युरोपच्या भाषांचे ते प्राध्यापक होते, आइसलँडिक साहित्यावर त्यांचा जीव होता, १८५७ च्या पहिल्या अमेरिकन बुद्धिबळ परिषदेच्या आयोजनात त्यांचा पुढाकार होता आणि ज्या काळात कॉलेजांची ग्रंथालये दिवसातून दोनचार तास उघडत, त्या काळात त्यांनी कॉर्नेलचे ग्रंथालय दिवसाचे नऊ तास खुले ठेवले. स्वतः विद्यार्थी असताना ते साय अप्सिलॉन या फ्रॅटर्निटीचे सभासद होते. लग्नाच्या वेळी पत्नीच्या संपत्तीवरील हक्क सोडत असल्याच्या करारावर त्यांनी सही केली होती.

पुढचे सगळे एका वर्षात घडले. जेनीची प्रकृती ढासळत गेली, दोघे इथाकाला परतले आणि ३० सप्टेंबर १८८१ रोजी तिचे निधन झाले. बांधून होत आलेला आपला वाडा तिने बग्गीतून जाता जाता पाहिला, आत पाऊल ठेवणे तिला शक्यच झाले नाही, असे इथाकात सांगितले जाते. ती त्या घरात एक रात्रही राहिली नाही, हे मात्र निश्चित आहे.

तिच्या मृत्युपत्रात फिस्क यांना ३ लाख डॉलर होते, नात्यातल्यांना मोठ्या रकमा होत्या, विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख, मॅकग्रॉ हॉलच्या देखभालीसाठी ५० हजार आणि आजारी विद्यार्थ्यांच्या रुग्णालयासाठी ४० हजार डॉलर होते. आणि हे सगळे वजा जाऊन उरेल ती संपूर्ण मालमत्ता विद्यापीठाला मिळावी असे लिहिलेले होते. हेतूत काहीही संदिग्ध नव्हते. अडचण निघाली ती विद्यापीठाच्या स्वतःच्याच सनदेतून. १८६५ च्या त्या सनदेत एक कलम होते की विद्यापीठाला एकूण ३० लाख डॉलरपेक्षा अधिक मालमत्ता धारण करता येणार नाही. ही मर्यादा विद्यापीठाने गाठलेली आहे की नाही, हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. विश्वस्तांच्या लक्षात ही गोष्ट आली तेव्हा त्यांनी १८८२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाकडून सनदेत दुरुस्ती करून घेतली, पण हे सर्व फिस्क यांना न सांगता. १८८३ मध्ये त्यांना ते कळले. विश्वस्तांच्या वागणुकीने ते आधीच दुखावलेले होते. त्यांनी ग्रंथपालपदाचा राजीनामा दिला, ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले आणि मृत्युपत्राविरुद्ध दावा लावला.

दावा सात वर्षे चालला. पहिला निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला, त्यावरच्या अपिलात तो फिरला, राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला आणि १९ मे १८९० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच कायम केला. वादाचा गाभा होता विस्कॉन्सिनमधील पाइनची जंगले. १८६२ च्या मॉरिल कायद्याखाली न्यूयॉर्क राज्याला शिक्षणासाठी ९,८९,९२० एकरांचे भूमिपत्र, म्हणजे तेवढी सरकारी जमीन घेण्याचा हक्क, मिळाले होते आणि विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांनी त्यातून विद्यापीठासाठी विस्कॉन्सिनमध्ये सुमारे पाच लाख एकर जंगल राखून ठेवले होते. ही जमीन विद्यापीठाच्या मालमत्तेत धरायची की नाही, हा सगळा प्रश्न होता. न्यायालयाने ती धरली, आणि ती धरल्यावर जेनीच्या मृत्यूच्या दिवशी ३० लाखांची मर्यादा भरलेली होती, म्हणून विद्यापीठाला आणखी काही घेता येत नव्हते. ज्या लाकडाच्या व्यापारातून मॅकग्रॉंचा पैसा आला, तशाच लाकडाच्या जंगलामुळे तो विद्यापीठापर्यंत पोहोचला नाही. (ही जंगले मुळात ओजिब्वे आणि इतर आदिवासी लोकांकडून करारांनी काढून घेतलेली भूमी होती, हे आता विद्यापीठातही मोकळेपणाने बोलले जाते. जेनीच्या किंवा फिस्क यांच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या मनात तेव्हा ते आलेही नसेल.)

हा भाग वाचताना मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. आमच्याकडे शिकवलेल्या एका प्राध्यापकांनी आपला आयुष्यभराचा ग्रंथसंग्रह ग्रंथालयाला द्यायचा असे तोंडी अनेकदा सांगितले होते, कपाटांची मापेसुद्धा मी घेऊन आले होते. पण कागद झाला नाही, ते अचानक गेले आणि पुस्तके रद्दीच्या भावाने विकली गेली. जेनीच्या बाबतीत कागद होता, साक्षीदार होते, रक्कम होती, आणि तरीही तेच झाले. म्हणून कॉर्नेलच्या ग्रंथालयात लावलेला एक शिलालेख वाचताना माझे डोळे भरून आले. खटला हरल्यावर हेन्री सेज या विश्वस्तांनी, तेही लाकडाचेच व्यापारी, स्वतःच्या पैशाने ग्रंथालय बांधले. ते १८९१ मध्ये उघडले. थोर ग्रंथालय स्थापण्याचा जेनी मॅकग्रॉ फिस्क हिचा हेतू हाणून पाडला गेला, तिच्या स्मरणार्थ हे तिच्या मित्राने बांधले आहे, अशा अर्थाचे शब्द त्यांनी तिथे कोरून घेतले. ‘हाणून पाडला गेला’ हे शब्द भिंतीवर कायमचे लिहिण्याइतका त्यांचा राग होता.

वाडा तोवर बहुतांश रिकामाच होता. त्यातल्या कलावस्तू विकल्या गेल्या आणि पुढे वाडाही. १८९६ मध्ये काय सायच्या कॉर्नेल शाखेने तो घेतला. ही शाखा १८६९ पासून, म्हणजे विद्यापीठाच्या दुसऱ्याच वर्षापासून होती.

मुलांच्या मंडळाने असा वाडा घ्यावा हे आज विचित्र वाटेल, पण कॉर्नेलमध्ये त्याला पोषक वातावरण होते. पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट हे स्वतः विद्यार्थिदशेत फ्रॅटर्निटीत होते. कॉलेजांच्या मोठ्या वसतिगृहांबद्दल त्यांचे मत फारच प्रतिकूल होते. बराकीत कोंडलेली मुले कोणाचीच जबाबदारी घेत नाहीत, उलट स्वतःचे घर सांभाळणारी मुले त्याची अब्रू जपतात, अशी त्यांची भूमिका होती, आणि ती त्यांनी लेख लिहून जाहीरपणे मांडली. या भूमिकेमुळे विद्यापीठाचा वसतिगृहांवरचा खर्चही वाचला. परिणाम असा झाला की १८९० नंतरच्या दशकात टेकडीवर एकामागून एक फ्रॅटर्निटीची घरे उभी राहिली आणि ज्याला कोणत्याच मंडळाने घेतले नाही, तो गावातल्या भाड्याच्या खोलीत राहिला.

व्हाइट यांच्या या विश्वासाला तडा जाईल असे एक प्रकरण त्यांच्याच कारकिर्दीत होऊन गेले होते. १८७३ च्या ऑक्टोबरात एका फ्रॅटर्निटीच्या दीक्षाविधीत, रात्री डोळे बांधून नेलेला एक नवा मुलगा इथाकाच्या दरीत कोसळून मरण पावला. इथाकात दऱ्या जागोजाग आहेत, वीतभर अंतरावर जमीन संपते. दिवसाढवळ्या चालतानासुद्धा मी कठडा धरत असे. २०१९ मध्ये पहिल्या वर्षातला एक विद्यार्थी अशाच एका मंडळाच्या मेजवानीनंतर बेपत्ता झाला आणि दोन दिवसांनी फॉल क्रीकच्या दरीत त्याचा मृतदेह सापडला. या दोन मृत्यूंमध्ये जवळजवळ दीडशे वर्षे आहेत, आणि एक आई म्हणून मला ही गोष्ट विसरता येत नाही.

वाड्यात काय सायची मुले दहा वर्षे राहिली. एका लक्षाधीशाच्या मुलीने स्वतःसाठी रचलेले दालन, उंची लाकूडकाम, सरोवराकडे उघडणाऱ्या खिडक्या, आणि त्यात विशीतली मुले आपापल्या पुस्तकांसह, पलंगांसह. मला त्यांचा हेवा वाटला नाही, पण त्या घरात अखेर माणसांचा आवाज झाला याचे समाधान वाटले.

शुक्रवार, ७ डिसेंबर १९०६. पहाटेच्या अंधारात, सगळे झोपेत असताना वाड्याला आग लागली. बाहेरून घर दगडी होते, पण आत जिने, तक्तपोशी, जमिनी सगळे लाकडाचे आणि वर्षानुवर्षे वाळलेले. अनेक मुलांना खिडक्यांखेरीज मार्ग उरला नाही. त्यांनी उड्या घेतल्या, हातपाय मोडून घेतले, भाजले. एक मुलगा उडी मारून सुखरूप बाहेर आला होता, परंतु आपला खोलीतला सोबती आतच राहिला आहे हे कळताच तो परत आत शिरला, आणि दोघेही गेले. एकूण चार विद्यार्थी मरण पावले.

इथाकाचे अग्निशामक दल तेव्हा स्वयंसेवकांचे होते. दिवसा आपापला व्यवसाय करणारी गावातली माणसे घंटा ऐकून पंप ओढत टेकडी चढून येत. त्यांच्यापैकी तिघेजण वाड्याची एक भिंत अंगावर कोसळून ठार झाले. म्हणजे त्या रात्री एकूण सात माणसे गेली. या तिघांचे त्या घराशी काहीही नाते नव्हते. ते घर त्यांच्यासाठी कधीच उघडले नसते. फ्रॅटर्निटीची कथा सांगताना चार विद्यार्थ्यांच्या बलिदानावर भर दिला जातो आणि तो योग्यच आहे, परंतु मला वाटते की त्या तिघांची नावे सर्वांत आधी घेतली जावीत.

इथाकात या आगीची सांगड फिस्क यांच्या शापाशी घालतात. खटल्यातील कडवटपणामुळे त्या माणसाने वाड्याला शाप दिला आणि म्हणून तो जळाला, अशी ही कथा. मला ती मुळीच मान्य नाही आणि ती सांगितली जाऊ नये असे वाटते. १९०४ मध्ये फिस्क यांचे फ्रँकफर्टला निधन झाले, तेव्हा त्यांनी आपली बहुतेक संपत्ती, आणि इटालियन कवी पेट्रार्क व आइसलँडिक साहित्याचे आयुष्यभर जमवलेले अमोल संग्रह, त्याच विद्यापीठाला दिले, ज्याच्याशी ते सात वर्षे भांडले होते. क्रॉख ग्रंथालयाच्या दुर्मीळ विभागात ते संग्रह आहेत. मी त्यांतली काही पुस्तके काचेआडून पाहिली. विद्यापीठाच्या सेज चॅपल या प्रार्थनागृहात जेनी आणि फिस्क दोघेही विसावले आहेत. शाप देणारा माणूस असे करीत नाही. शिवाय शापाची गोष्ट सांगितली की लाकडी जिन्याचा, रात्रीच्या पहाऱ्याचा, बाहेर पडण्याच्या वाटांचा प्रश्न कोणी विचारत नाही. १९६७ च्या एप्रिलमध्ये कॉर्नेलच्या एका निवासात पुन्हा पहाटे आग लागली आणि आठ विद्यार्थी व एक प्राध्यापक असे नऊजण धुराने गेले. तिथे कोणताही शाप नव्हता.

त्याच आठवड्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कळल्यापासून मी काय सायच्या घराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. आगीच्या तीन दिवस आधी, मंगळवार, ४ डिसेंबर १९०६ रोजी, याच इथाकात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आल्फा फाय आल्फा या फ्रॅटर्निटीची स्थापना केली. ‘कोणत्याही व्यक्तीला कोणत्याही विषयाचे शिक्षण मिळावे’ हे एझ्रा कॉर्नेल यांचे ध्येयवाक्य विद्यापीठाच्या मुद्रेवर आहे. त्यामुळे ही मुले वर्गात होती. पण फ्रॅटर्निटीच्या घरांचे पुढचे दार त्यांना बंद होते. त्यांच्यातली काही मुले पोटासाठी याच घरांमध्ये ताटे वाढण्याचे, स्वयंपाकघरातले काम करीत. गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे त्यांना खोल्या मिळत. १९०४-०५ मध्ये आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहाजण पुढच्या वर्षी परत आलेच नाहीत, आणि एकमेकांना धरून राहिल्याशिवाय इथे टिकाव लागणार नाही, या जाणिवेतून आधी एक अभ्यासमंडळ निघाले. मंडळ वाङ्मयीन ठेवायचे की फ्रॅटर्निटी करायची यावर त्यांच्यातच बराच वाद झाला. अखेर फ्रॅटर्निटीचा पक्ष जिंकला. ज्या व्यवस्थेने त्यांना बाहेर ठेवले, तिचेच रूप त्यांनी उचलले. ते आतून कसे चालते हे त्यांनी ताटे वाढताना पाहिलेले होते.

त्यांच्याकडे घर नव्हते. वाडा तर दूरच. बैठका गावातल्या ओळखीच्यांच्या घरी भरत. पण त्या सातजणांपैकी व्हर्टनर टँडी हे पुढे न्यूयॉर्क राज्यातील पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाले, आणि हडसन नदीकाठी आयर्व्हिंग्टन येथे मादाम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय उद्योजिकेसाठी त्यांनी बांधलेला ‘व्हिला लेवारो’ आजही उभा आहे. जॉर्ज केली अभियंते झाले, हेन्री कॅलिस डॉक्टर झाले, आणि युजीन किंकल जोन्स यांनी नॅशनल अर्बन लीग ही कृष्णवर्णीयांच्या हितासाठी काम करणारी संस्था अनेक वर्षे चालवली. मार्टिन ल्यूथर किंग याच फ्रॅटर्निटीचे सभासद होते. तिचे स्मारक आता आवारात बार्न्स हॉलजवळ आहे. मी तिथल्या भिंतीला टेकून बसले आणि हिशेब करू लागले: ४ तारखेला मंगळवारी ती मुले कुठल्यातरी उसन्या खोलीत बसली असतील, आणि शुक्रवारी पहाटे टेकडीवरचा उजेड त्यांनीही खालून पाहिला असेल.

काय सायने वर्षभरातच त्याच जागी नवे लॉज बांधायला घेतले आणि ते आजही तिथे आहे, तेच ८१० क्रमांकाचे. जेनीने निवडलेली जागा मात्र तशीच आहे: एका बाजूला दरी, समोर सरोवर, वरच्या अंगाला १९७३ मधले कलासंग्रहालय. इतक्या सुंदर जागेवर घर बांधून तिथे राहायला न मिळालेली ती बाई, तिच्यामागे भांडलेले दोन पक्ष, आणि मग ती मुले. मी त्या घरात गेले नाही. कोणी बोलावलेही नाही आणि मी विचारलेही नाही.

निघण्याच्या आठवड्यात, डिसेंबरच्या सुरुवातीला, संध्याकाळी लवकर अंधार पडल्यावर मी आणि लेक परत येत होतो. रस्त्यावरच्या दुसऱ्याच एका फ्रॅटर्निटीच्या घरातून धोक्याचा कर्कश भोंगा वाजू लागला आणि मुले भराभर बाहेर येऊ लागली. कोणाच्या पायात सपाता, कोणी नुसत्या मोज्यांवर बर्फात. मी घाबरून थांबले. लेक म्हणाली, “आई, सराव आहे. वर्षातून काही वेळा करावाच लागतो.” पायऱ्यांवर एक मुलगा हातात कागद घेऊन उभा होता आणि एकेक नाव मोठ्याने वाचत होता. प्रत्येक नावाला अंधारातून कोणीतरी ‘हिअर’ म्हणत होते. एका नावाला उत्तर आले नाही, तेव्हा त्याने ते पुन्हा वाचले, मग तिसऱ्यांदा, आणि सगळे गप्प झाले. मागच्या दाराने बाहेर आलेला तो मुलगा घराला वळसा घालून धावत येईपर्यंत कोणी जागचे हलले नाही.